आजोबांची पंप बंदूक आणि तिला चालणारं काडतूस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या गावांमध्ये अजूनही पुष्कळ घरांत जुनी बाराबोर आहे. बहुतेक दुनळी किंवा एकनळी. पण एखाद्या मालगुजाराच्या, पाटलाच्या किंवा निवृत्त फौजी माणसाच्या घरी पंप ॲक्शन निघते, म्हणजे नळीखालची मूठ मागेपुढे ओढून पुढचं काडतूस चढवणारी. आपल्याकडे तिला 'रिपीटर' म्हणणारेही आहेत. आमच्या घरी तशीच एक आहे, आजोबांच्या हातून बाबांकडे आणि बाबांकडून माझ्याकडे आलेली. त्यामुळे नात्यातले, शेजारच्या गावातले कास्तकार तेच तेच प्रश्न घेऊन येतात. ती उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

आजोबा गेले, आता पेटीत त्यांची पंप बंदूक सापडली. चालते का ते एक बार काढून पाहू का?

नाही. आधी ती तुमच्या ताब्यात कायद्याने आहे का ते पाहा. परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराच्या नावाचा नसतो. परवानाधारक वारला की शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २१ प्रमाणे बंदूक आणि काडतुसं विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची असतात. पावती घ्यायची आणि ती जपून ठेवायची. मग वारसाने स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज करायचा, बाकी वारसांची ना-हरकत जोडायची. परवाना मिळाला की तीच बंदूक नावावर चढते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा असतो, हेही लक्षात असू द्या.

'बाबांच्या नावाचं लायसन आहे ना कपाटात' असं म्हणून वर्षानुवर्षं बंदूक घरात ठेवणारे मी पाहिले आहेत. त्यात त्यांचा हेतू वाईट नसतो, पण गुन्हा तोच होतो.

आमचं गाव अभयारण्याजवळ आहे. आणखी काही करावं लागतं का?

हो, आणि हे आपल्या भागात फार जणांना लागू आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३४ नुसार अभयारण्याच्या आत किंवा त्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपलं नाव वनखात्याकडे नोंदवायचं असतं. अशा पट्ट्यात नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकाची आधी सहमती लागते. टिपेश्वर, बोर, नागझिरा, उमरेड-कऱ्हांडला, ताडोबा, मेळघाट ही नावं घेतली की किती गावं या दहा किलोमीटरात येतात ते कळेल.

बंदूक नेमकी कोणती आहे हे कसं ओळखायचं?

नळीवर आणि बॉडीवर कोरलेलं वाचा. गंज असेल तर तेलात भिजवलेल्या फडक्याने हळू पुसा. सँडपेपर लावू नका, खुणा पुसल्या जातील. अमेरिकन बंदुकांपैकी खूप पसरलेली एक म्हणजे विंचेस्टर मॉडेल १८९७. जॉन ब्राउनिंग यांचं डिझाइन, १८९७ पासून १९५७ पर्यंत बनत होती, दहा लाखांवर बनल्या. तिची खूण सोपी आहे: मागे घोडा उघडा दिसतो. तिच्या आधीचं १८९३ चं मॉडेल दिसायला बरंचसं तसंच, पण ते काळ्या दारूच्या काडतुसांसाठी होतं आणि चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा, २⅝ इंच, साधारण ६७ मिलिमीटर. ते हाती आलं तर भिंतीवर मानाने ठेवा, त्यातून बार काढू नका.

घोडा दिसत नसेल आणि रिकामी पुंगळी (उडवलेल्या काडतुसाचं कवच) उजव्या बाजूने पडत असेल तर ती १९१२ साली आलेली मॉडेल १२ असू शकते. पुंगळी खालून पडत असेल तर इथाका ३७ चा विचार करा. शेवटचा शब्द मात्र बंदूक दुरुस्त करणाऱ्या परवानाधारक कारागिराचा. नंबर, बोर आणि मेक परवान्यावर जसा लिहिला आहे तसाच बंदुकीवर आहे ना, तेही त्याच वेळी ताडून घ्या.

काडतूस आत बसतं, ॲक्शनही नीट लागते. मग चालेल ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. लोकांचे हात जातात तेही इथेच. म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

काडतुसावर ६५, ७० किंवा ७६ मिलिमीटर असं छापलेलं असतं. इंचांत ते २½, २¾ आणि ३. ही लांबी बार झाल्यावर उघडलेल्या पुंगळीची असते. न उडवलेल्या काडतुसाचं तोंड आत दुमडलेलं असतं, म्हणून ७० चं काडतूस दुमडणीप्रमाणे साधारण ५८ ते ६४ मिलिमीटर भरतं. आता तुमच्या जुन्या बंदुकीचं चेंबर ६५ चं आहे असं समजा. काडतूस आरामात आत जातं, चेंबर मागून बंद करणारा बोल्ट बंद होतो, हाताला काहीच वेगळं लागत नाही. चाप ओढला की दुमड उघडते, पण तिला पसरायला जागा उरलेली नसते. चेंबर संपून नळी जिथे निमुळती होते तिथे पुंगळीचं तोंड अडकतं आणि छर्ऱ्यांना बाहेर पडायची वाट अरुंद होते. दारू तर जळतच असते. दाब वाढत जातो, आणि तो शंभर वर्षं जुन्या पोलादावर.

एकदा उडवून काही झालं नाही म्हणजे चालतं, असं नाही. दर बाराला ताण पडत राहतो. बोल्टची पकड ढिली होते, दस्त्याला मागून चीर जाते, पुंगळ्या अडकायला लागतात. रिकामी पुंगळी पुढच्या टोकाला फाटलेली, झालर लागल्यासारखी निघत असेल तर ताबडतोब थांबा. ती बंदूक तुम्हाला सांगते आहे की काडतूस लांब पडतंय.

उलट बाजूने धोका नाही. ७० च्या चेंबरमध्ये ६५ चं काडतूस चालतं. कधी मॅगझीनमधून, म्हणजे नळीखालच्या काडतुसांच्या नळकांड्यातून, चढताना ते तिरकं होतं, एवढाच त्रास.

चेंबर किती लांब आहे हे मग कसं कळणार?

गेजने, म्हणजे मापाच्या साधनाने. कारागीर ते आत सोडतो, मिनिटभरात सांगतो. अमेरिकन जुन्या बंदुकांवर बऱ्याचदा नुसतं '१२' लिहिलेलं असतं, लांबी नसते, म्हणून वाचून भागत नाही. सोळाबोर असेल तर दुप्पट सावध राहा, कारण जुन्या सोळाबोर पंप बंदुकांचं चेंबर २⁹⁄₁₆ इंच, म्हणजे ६५ मिलिमीटरचं असायचं आणि आजची सोळाबोर काडतुसं ७० ची मिळतात.

चेंबर कापून लांब करून देतो असं कुणी सांगेल. मी नको म्हणेन. तिथली भिंत आधीच वयाने थकलेली असते, तीच आणखी पातळ होते.

मग काडतूस कोणतं घ्यायचं?

कारागिराने चेंबर मोजून जी लांबी सांगितली तेवढंच किंवा त्याहून आखूड. आपल्याकडे पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची 'शक्तिमान' काडतुसं वर्षानुवर्षं चालत आली आहेत. दुकानात डबा हातात घेऊन लांबी आणि छर्ऱ्याचा नंबर स्वतः वाचा. दुकानदार जुना ओळखीचा असला तरी वाचा.

जुन्या बंदुकीला छर्ऱ्यांचं वजन २८ ग्रॅमच्या आसपास असावं, ३२ च्या पुढे जाऊ नये. सुरुवात सहा, सात किंवा आठ नंबरच्या बारीक छर्ऱ्याने. 'मॅग्नम' लिहिलेलं आणि ७६ चं काडतूस अजिबात नको. परदेशी काडतूस असेल तर छर्रे शिशाचे आहेत की पोलादी ते पाहा. पोलादी छर्रा दबत नाही, आणि जुन्या नळीच्या तोंडाशी असलेला घट्ट फुल चोक, म्हणजे तिथली आवळलेली जागा, त्याने फुगू शकतो. एकगोळीचं म्हणजे स्लगचं काडतूसही फुल चोकमधून मी उडवत नाही.

एक बारकावा: हलकं काडतूस म्हणजे कमी दाबाचं, असं नेहमीच नसतं. धक्का कमी लागतो कारण छर्रे कमी असतात. चेंबरमधला दाब दारू किती झपाट्याने जळते यावर ठरतो. म्हणून 'हलकंच आहे, चालून जाईल' हा हिशेब धरू नका. बंदूक बळकट आहे का हे आधी ठरू द्या, काडतूस नंतर.

नळीवर सापाच्या कातीसारखी किंवा वेलबुट्टीसारखी नागमोडी नक्षी दिसली तर ती दमास्कस नळी असू शकते, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, ठोकून बनवलेली. आजच्या काडतुसांसाठी ती नाही.

घरात वीसबोरची काडतुसं पण आहेत. चुकून पडलं तर?

बोरचा आकडा मोठा तितकं काडतूस बारीक, म्हणून वीसबोरचं काडतूस बाराबोरच्या नळीत घसरत पुढे जातं आणि चेंबरच्या पुढे अडकून बसतं. मागून पाहिलं तर चेंबर रिकामं वाटतं. घाईत दुसरं, बाराबोरचं, भरलं आणि चाप ओढला तर नळी हातातच फुटते, आणि ती फुटते नेमकी जिथे तुमचा पुढचा हात असतो तिथे. याच कारणाने वीसबोरची काडतुसं पिवळ्या रंगाची करण्याची पद्धत पडली. दोन बोरची काडतुसं एका पिशवीत, एका खिशात, एका डब्यात ठेवू नका. खिशात नाणी आणि चाव्याही नकोत.

आजोबांच्या वेळची काडतुसं तशीच डब्यात आहेत. टाकून द्यायची का?

उडवू नका आणि टाकूनही देऊ नका. कागदी पुंगळी आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल धरून फुगते, मग ती चेंबरमध्ये अडकते किंवा अर्धीच जळते. पितळी बुडाला हिरवट थर आला असेल तर टोपीही, म्हणजे पिन आपटल्यावर पेटणारा बुडाचा भागही, खराब झाली असं समजा. चंद्रपूर, अकोल्याकडचा पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा टिनाच्या खोलीत किती वर्षं सोसला असेल, तेही कुणाला माहीत नसतं. अशी काडतुसं विहिरीत, चुलीत, उकिरड्यावर जाऊ देऊ नका. ठाण्यात किंवा शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या.

कारागिराकडे नेण्याआधी घरी काय पाहता येईल?

बंदूक रिकामी आहे याची खात्री झाल्यावर नळी मागच्या बाजूने उजेडाकडे धरून पाहा. आत प्रकाशाची वर्तुळं सरळ दिसली पाहिजेत. एखादं वर्तुळ तुटलं, वाकडं झालं तर तिथे पोचा किंवा फुगवटा आहे. बाहेरून नळीवर दोन बोटं फिरवा, डोळ्याला न दिसणारा फुगवटा बोटाला लागतो.

मी एकदा भाद्रपदात बंदूक उतरवली, तर नळीच्या तोंडापासून चार बोटं आत कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं होतं. पक्कं वाळलेलं, विटेसारखं. बंदूक दोनच महिने खुंटीला होती. त्या दिवसापासून नळीत डोकावल्याशिवाय मी काडतुसाला हात लावत नाही. वावरात पाय घसरून नळीचं तोंड काळ्या मातीत टेकलं तरी तेच: थांबायचं, रिकामी करायची, आत पाहायचं. साफ करताना राहिलेलं फडकंही नळी फोडायला पुरेसं असतं.

बाकीचं कारागिराचं काम. फायरिंग पिन जुन्या ग्रीसमध्ये चिकटून पुढेच राहिली असेल तर ॲक्शन बंद करतानाच बार होतो. बोल्टची पकड, पुंगळी ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टर, मॅगझीनची स्प्रिंग, दस्त्यातल्या चिरा, आणि सुटी होणारी बंदूक असेल तर नळी बॉडीला घट्ट बसते का, हे सगळं त्याच्याकडून पाहून घ्या. त्याच्याकडे नेताना बंदूक रिकामी, कव्हरमध्ये, काडतुसं घरी, परवाना सोबत.

उघड्या घोड्याच्या बंदुकीला सेफ्टीचं बटनच नाही. कसं करायचं?

मॉडेल १८९७ मध्ये घोडा अर्धा ओढून ठेवणं हीच सेफ्टी. ती खाच झिजलेली असते, म्हणून तिच्यावर भरवसा टाकू नये. भरलेल्या चेंबरवर घामेजल्या अंगठ्याने घोडा उतरवताना तो निसटला तर बार होतो. माझा नियम साधा आहे: समोर निशाण आणि परवानगी, दोन्ही असल्याशिवाय चेंबर रिकामं. मॅगझीनमध्ये असलं तरी चेंबरमध्ये नाही.

आणखी एक गोष्ट नव्या बंदुकीवर हात बसलेल्यांना माहीत नसते. मॉडेल १८९७, मॉडेल १२ आणि जुन्या इथाका ३७ मध्ये चाप दाबून ठेवला आणि पंप पुढे ढकलला, तर ॲक्शन बंद होताक्षणी बार होतो. आजच्या बंदुकीत दर वेळी चाप सोडून पुन्हा ओढावा लागतो, इथे तसं नाही. एका बारानंतर बोट चापावर विसरलं आणि घाईत पंप मारला की दुसरा बार कुठे जाईल ते तुमच्या हातात राहत नाही. पंप मारताना बोट चापाच्या बाहेर, बॉडीला समांतर. ही सवय आधी रिकाम्या बंदुकीवर शंभर वेळा करा.

पहिला बार कुठे आणि कसा?

अधिकृत शूटिंग रेंजवर, जाणकार माणूस शेजारी असताना. गावाबाहेरच्या नाल्यात नाही, लग्नात तर नाहीच. हर्षफायरीला आता स्वतंत्र शिक्षा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

जुने कारागीर पहिला बार हातात धरून काढत नाहीत. बंदूक टायरला पक्की बांधतात, चापाला लांब दोरी लावतात आणि आडोशाला उभे राहून ओढतात. दोन-तीन पुंगळ्या नीट निघाल्या, टोपीवर पिनेची खूण मधोमध आली, पितळ फुगलं-फाटलं नाही, मग हातात घेतात. तसं करवून घ्या. त्यानंतर एकेकच काडतूस थेट चेंबरमध्ये घालून चार-पाच बार. मॅगझीनमध्ये दोन भरायची पाळी सगळ्यात शेवटी येते.

डोळ्यांवर चष्मा आणि कानांवर मफ, दोन्ही हवेत. बाराबोरचा आवाज दीडशे डेसिबलच्या पुढे जातो, कान एका बारातही बिघडतो. कापसाचा बोळा काही उपयोगाचा नाही. दस्ता खांद्याच्या खळगीत घट्ट दाबा. जुन्या बंदुकांना मागे लोखंडी किंवा कडक पट्टी असते, ढिला धरला तर खांदा आणि गाल दोन्ही सुजतात.

चाप ओढला, 'टक' झालं, बार झाला नाही. लगेच पंप मारू?

नाही. नळी निशाणाकडेच ठेवा, तीस सेकंद मनात मोजा. टोपी उशिरा पेट घेऊ शकते. मग चेहरा बाजूला ठेवून ॲक्शन उघडा.

याहून धोक्याचा असतो तो फुसका बार. आवाज दबका, धक्का कमी. अशा वेळी नळीत डाट (दारू आणि छर्ऱ्यांमधला बोळा) किंवा छर्रे अडकलेले असण्याची शक्यता धरून चाला. सगळी बंदूक रिकामी करा, नळीत मागून पाहा. हाताला जे वेगळं वाटलं त्यावर विश्वास ठेवा.

रिकामी करताना लोक कुठे चुकतात?

एकदा पंप मागे ओढतात, काडतूस पडतं, 'झाली रिकामी' म्हणतात. पंप बंदुकीत काडतुसं तीन जागी असतात: चेंबरमध्ये, खालच्या नळकांड्यात आणि काडतूस वर उचलणाऱ्या मधल्या चमच्यावर. चमच्यावरचं दिसत नाही आणि पंप पुढे केला की तेच चेंबरमध्ये चढतं. नळी सुरक्षित दिशेला, बोट बाहेर, काडतुसं मोजून काढा. किती भरली होती आणि किती निघाली हे जुळलं पाहिजे. मग ॲक्शन उघडी ठेवून करंगळी चेंबरमध्ये आणि मॅगझीनच्या तोंडात घाला. अंधारात डोळ्यापेक्षा बोट खरं बोलतं.

जागलीला (रात्री पिकाच्या राखणीला) नेली तर चालेल? डुकरं, रोही (नीलगायी) सगळी तूर उलथवून टाकतात.

तुमचा त्रास मला सांगावा लागत नाही. मी त्याच मचाणावर रात्री काढल्या आहेत. पण बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायची परवानगी नव्हे. रानडुक्कर वन्यजीव कायद्याच्या अनुसूची २ मध्ये आहे. उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर कलम ११ खाली वनखात्याकडे अर्ज करता येतो. लेखी परवानगी आणि तिच्यातल्या अटी हातात आल्याशिवाय बार काढायचा नाही. नुकसानभरपाईचा अर्ज मात्र त्याच दिवशी करा, पंचनाम्याला उशीर झाला की पदरात काही पडत नाही.

परवानगी असली तरी रात्री आवाजावर, हलणाऱ्या तुरीवर, बॅटरीत चमकलेल्या डोळ्यांवर कधीही नेम धरू नका. शेजारच्या धुऱ्यावर दुसराही कुणी जागलीला असतो, पांदणीतून कुणी मोटार बंद करायला जात असतो. सहा नंबरचा बारीक छर्रा दोनशे मीटरपर्यंत जातो. एलजी, एसजीचे मोठे छर्रे सहाशे-सातशे मीटर जाऊ शकतात, म्हणजे आपल्या वावरापलीकडची तीन-चार वावरं. मागे मातीचा उंच आडोसा नसेल तर चाप ओढायचाच नाही.

पावसाळ्यात गंज कसा टाळायचा?

चामड्याच्या कव्हरमध्ये ठेवू नका, ते ओल धरतं. बार काढला त्याच दिवशी नळी साफ, मग तेलाचा पातळ हात. तेल जास्त झालं की ते दस्त्याच्या लाकडात उतरतं आणि लाकूड कुजतं. फार जुनी काडतुसं वापरली गेली असतील तर त्यांच्या टोपीतले क्षार नळीत राहतात आणि हवेतली ओल ओढतात. ते तेलाने निघत नाहीत, गरम पाण्याने धुवावे लागतात, मग पूर्ण कोरडं करून तेल.

बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, चाव्या दोन ठिकाणी. काडतुसं परवान्यावर लिहिलेल्या संख्येपेक्षा जास्त नकोत.

मी घरी नसताना पोरगा जागलीला नेऊ शकतो का?

नाही. त्याच्या नावाचा परवाना हवा, आणि त्यासाठी वय एकवीस पूर्ण हवं. तुमच्या लेखी अधिकारपत्रावर तो बंदूक दुरुस्तीला किंवा नूतनीकरणाला नेऊ शकतो, पण स्वतः वापरू शकत नाही. शिकायची हौस असेल तर त्याला रेंजवर न्या, आणि पहिल्या दिवशी काडतूस देऊ नका. तीन जागा बोटाने तपासायला शिकवा. तुम्ही कुठेतरी एक रिकामी पुंगळी लपवून ठेवा, ती त्याला दर वेळी सापडेपर्यंत.